हॉर्टाची जमीन

स्पॉकचा सदरा निळा असतो, हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं. तोवर तो माझ्या डोक्यात राखाडीच होता. कर्कचा जरा फिका राखाडी, स्कॉटीचा गडद. नानांच्या खोलीतला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, आणि कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या अख्ख्या वाड्यात तेवढा एकच टीव्ही होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं. अंतराळात हिंडणाऱ्या एका यानाची अमेरिकन मालिका; स्पॉक, कर्क, स्कॉटी ही त्यातलीच पात्रं. इंग्रजीत. आम्ही सात-आठ पोरं, सगळी मराठी शाळेतली. पाचवीला इंग्रजीची अक्षरं गिरवायला लागणार, आणि त्यालाही आमच्यातल्या निम्म्यांना अजून अवकाश होता. पण कुणीच उठून जायचं नाही, कारण शेजारी नाना बसलेले असायचे आणि ते सांगायचे. नाना उद्यमनगरात लेथवर होते. त्यांचं इंग्रजी म्हणजे मशिनबरोबर येणाऱ्या पुस्तिकांवरून जमवलेलं. पंप, प्रेशर, शाफ्ट, डेंजर असले शब्द पक्के, बाकी अंदाज. तेवढ्या भांडवलावर ते तासाभराचा भाग आम्हाला उलगडून दाखवायचे.

एंटरप्राइझ हे त्यांचं यान, म्हणजे ‘गाडी’. स्पॉक म्हणजे ‘मास्तर’, कारण तो हसत नाही आणि त्याचं चुकत नाही. स्कॉटी हा त्यांचा खास जीव. तो ‘मिस्त्री’. “बगा, साहेब वर बसून हुकूम सोडतोय, आन् गाडी कोण चालवतंय? खाली मिस्त्री.” माणसं एका जागी विरघळून दुसऱ्या जागी उगवायची, तेव्हा नाना म्हणायचे, साखर पाण्यात विरघळती, पाणी आटवलं की परत खाली बसती, तसं हाय. आज शाळेत विज्ञान शिकवताना द्रावण आणि स्फटिकीकरण आलं की मला अजून तेच आठवतं.

त्यातला एक भाग मला जन्मभर पुरला. जमिनीखाली खाण आहे. खाणकामगार एकेक करून मरतायत. अंधारातून काहीतरी येतं, दगड विरघळवत सरकतं आणि माणसाला जाळून टाकतं. मग ते दिसतं. दगडी पाठीचं, बसकं, गोधडी अंगावर घेऊन कुणी रांगावं तसं. नानांनी सांगितलं, ही बाई हाय. म्हातारी. ही सगळी तिची जमीन. ह्या लोकांनी न इचारता येऊन खणाय सुरुवात केली. खाणीच्या साहेबाच्या खोलीत एक गोल, गुळगुळीत दगडी गोळा ठेवलेला असतो आणि स्पॉक त्याच्याकडे पुन्हा पुन्हा बघतो. नाना म्हणाले, “तिचाच हाय त्यो. तिच्या जमिनीतनं काढलाय आन् साहेबानं शोभेला मांडलाय.”

मग ती प्राणी-बाई खाणीच्या अणुभट्टीचा पंप काढून नेते. इथं नाना खूष होऊन मांडीवर थाप मारायचे. “मोटारच नेली काढून! आता बसा म्हणावं अंधारात. शेतकऱ्याला बरोबर ठाऊक असतंय, कुठं हात घालायचा.” मिस्त्री कशीबशी जोडाजोड करून तात्पुरता पंप बसवतो, त्याला शाबासकी. शेवटी स्पॉक तिच्या पाठीवर हात ठेवतो आणि तिचं दुःख स्वतःच्या तोंडानं ओरडून सांगतो. आमच्यातलं सगळ्यात धाकटं पोर रडायला लागलं होतं. ती दगडावर अक्षरं जाळून लिहिते, नानांनी वाचलं, “मारू नका म्हणती.” डॉक्टर तिच्या जखमेवर सिमेंट थापतो. नाना म्हणाले, “डॉक्टरला गवंडी केलं बगा.” आणि मग मिटवामिटवी होते. नानांच्या शब्दांत, अर्धेलीनं ठरलं. खणायचं तिनं, माल न्यायचा ह्यांनी, आणि जमीन तिच्याच नावावर.

ही माझी ‘स्टार ट्रेक’.

२००७ साली माझ्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, डीव्हीडी आणल्या. खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती आणि आता ती मला वाचता येत होती. तो भाग लागला. सदरे निळे, लाल, पिवळे. आणि स्पॉक त्या गोळ्याबद्दल बोलायला लागला तेव्हा कळलं की ती अंडी आहेत. हॉर्टा नावाच्या त्या जीवाची हजारो अंडी. खाणकामगारांना कल्पना नाही, ते यंत्रं घालून ती फोडत चाललेत. ती आई आहे आणि पिल्लांसाठी लढते आहे. जमीनबिमीन काही नाही. अर्धेली नाही. शेवटी पिल्लं बाहेर पडतात आणि बोगदे खणायला लागतात, एवढंच.

मला राग आला. लाज वाटावी इतका आला. समोर मूळ मालिका, १९६७ सालचा मूळ भाग, लिहिणाऱ्यानं लिहिलेले मूळ संवाद, आणि मी मनात म्हणत होते, हे काय करून ठेवलंय यांनी गोष्टीचं! अंडी काय? कुठल्याही कोंबडीची असतात. जमीन गेलेली म्हातारी कुठं आणि हे कुठं. फक्त डॉक्टरच्या वाक्याला हायसं वाटलं. मी डॉक्टर आहे, गवंडी नव्हे, असं तो खरोखरच म्हणतो. तेवढं एक नानांनी जसंच्या तसं पोहोचवलं होतं.

जुनी मालिका नव्यानं काढली की चाहते का पेटतात, याचा विचार मी त्या रात्रीपासून करते आहे. त्याआधी मला तो प्रकार कळत नसे, आणि दादाला तर मुळीच कळत नसे.

कारण दादाला ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ आवडायची. तीही अंतराळातलीच मालिका. २००३ साली आलेली नवी. १९७८ सालची जुनी त्यानं पाहिलेलीच नव्हती. जुनीचं आयुष्य एका हंगामाचं, चोवीस भागांचं. पण जे तिच्यात अडकले ते पंचवीस वर्षं अडकून राहिले. त्यात सगळ्यात पुढं कोण, तर तिचा नायकच. कॅप्टन अपोलो करणारा रिचर्ड हॅच. मालिका पुन्हा सुरू व्हावी, जिथं थांबली तिथून पुढं जावी, म्हणून या माणसानं स्वतःच्या खिशातले पैसे घालून छोटी फिल्म बनवली, ती चाहत्यांच्या मेळाव्यांतून दाखवत फिरला. आणि शेवटी मालिका आली ती रोनाल्ड मूर या लेखक-निर्मात्याची, मागचं सगळं पुसून पहिल्यापासून मांडलेली. जुन्या चाहत्यांच्या मेळाव्यात मूरनं नवीतले तुकडे दाखवले तेव्हा लोकांनी त्याला हिणवलं. हॅचनंही उघड नाराजी बोलून दाखवली. दादा हे सगळं वाचून हसायचा. एवढं काय मनाला लावून घ्यायचं, म्हणायचा.

पुढचं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच हॅचला नव्या मालिकेत भूमिका देऊ केली गेली, आणि त्यानं ती घेतली. अपोलोची नव्हे, टॉम झारेकची. सत्तेविरुद्ध उठलेला, तुरुंगात बसलेला माणूस. पंचवीस वर्षं जे घर आपलं म्हणून राखलं, त्याच घरात तो परका पाहुणा होऊन शिरला, आणि काम असं केलं की त्या झारेकवरून डोळा हलत नाही. २०१७ साली तो गेला. त्याच्या मनात काय चाललं असेल, त्या सेटवर पहिल्या दिवशी पाय ठेवताना, याचा मी कितीदा विचार केला आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण तिथं मला जुन्या चाहत्यांची बाजू घेता येत नाही. सगळ्यात मोठा गदारोळ झाला तो स्टारबकवरून. जुनीतला हा बेदरकार वैमानिक पुरुष होता, नवीत ती बाई झाली. मूळ स्टारबक करणाऱ्या नटानं त्यावर लांबलचक संतापी लेख लिहिला. मी त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या जागी जाऊन बघते, जिला वाड्याच्या अंगणात खेळताना कधीच कॅप्टन होता आलं नाही. “तू उहुरा हो,” दादा म्हणायचा, “तू फोनवर बस.” उहुरा म्हणजे यानावरचे निरोप सांभाळणारी बाई. मी मिस्त्री व्हायचे, कारण मिस्त्रीवर कुणाचा दावा नव्हता. स्टारबकला त्या विमानात बसलेलं पाहिलं तेव्हा मला त्या अंगणातल्या सगळ्या रविवारांचं भरून मिळालं. आणि ज्यांना वाटतं की बाईला अधिकाराच्या जागी बसवणं ही आत्ताची फॅशन आहे, त्यांनी ‘स्टार ट्रेक’चाच पहिला नमुना भाग बघावा. तो १९६४च्या अखेरीस चित्रित झाला. त्यात कॅप्टन कर्क नाहीच, पाइक आहे. आणि त्याच्याखालची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई आहे. वाहिनीनं तो भाग नाकारला, दुसरा करायला सांगितला. दुसऱ्यात कॅप्टन बदलला, ती अधिकारी काढून टाकली, स्पॉक तेवढा राहिला. ती नटी पुढं नर्स होऊन परतली.

म्हणजे आपण जिला मूळ म्हणून छातीशी धरतो, तीच मुळात दुसऱ्यांदा मांडलेली. अगदी सदऱ्यांपर्यंत. कर्कचा सदरा पडद्यावर पिवळा, सोनेरी दिसतो. कापड मुळात हिरवट होतं, दिव्यांखाली आणि फिल्मवर ते तसं उतरलं. मी एकतिसाव्या वर्षी जो खरा रंग पाहून हरखले, तोही खरा नव्हता.

२००९ साली नवा ‘स्टार ट्रेक’ सिनेमा आला आणि दादाचं हसू गेलं. तोच दादा, जो गॅलॅक्टिकावाल्यांना हसायचा. नवा कर्क, नवा स्पॉक, काळाचा फाटा फोडून सगळं वेगळ्या वाटेला लावलेलं. दिग्दर्शकानं तर मोकळेपणानं सांगितलं होतं की आपण या मालिकेचे चाहते नव्हतो. पण दादाला लागलं ते व्हल्कन. सिनेमात स्पॉकचा अख्खा ग्रहच नष्ट होतो. “मास्तरचं गाव बुडवलं,” तो म्हणाला. आमच्या भागात धरणाखाली गावं गेलेली माणसं आहेत. हा शब्द इथं कुणी सहज वापरत नाही. मी म्हटलं, अरे पण म्हातारा स्पॉक आहे ना त्यात, तोच आपला लेनर्ड निमॉय, तो स्वतः येऊन नव्या पोराशी बोलतो, याहून मोठी संमती कुठली हवी? दादा म्हणाला, त्याला पैसे दिले असतील. असं बोलू नये, मी म्हटलं. त्या दिवशी आम्ही दोघं चाळिशीकडं झुकलेली माणसं इतकं भांडलो की वहिनीनं येऊन जेवायला वाढलंय म्हणून सांगितलं आणि कुणी उठेना.

या रागाला मी पोरकटपणा म्हणणार नाही. या हट्टी माणसांमुळेच तर काहीतरी शिल्लक राहिलं आहे. दुसऱ्या हंगामानंतर ‘स्टार ट्रेक’ बंद पडणार अशी चिन्हं दिसली तेव्हा ट्रिंबल नावाच्या नवरा-बायकोनं चाहत्यांना पत्रं लिहायला लावलं. वाहिनीकडं लाखाहून जास्त पत्रं गेली, आणि १९६८च्या मार्चमध्ये वाहिनीला पडद्यावर जाहीर करावं लागलं की मालिका चालू राहील. इंग्लंडमध्ये ‘डॉक्टर हू’ या तसल्याच विज्ञानकथेच्या मालिकेच्या साठच्या दशकातल्या कितीतरी भागांच्या टेपा बीबीसीनंच पुसून टाकल्या; नव्वदहून जास्त भागांचं चित्र हरवलं. आवाज मात्र सगळ्यांचा आहे. कुणामुळे? घरी टीव्हीपुढं टेपरेकॉर्डर लावून, घरच्यांना गप्प बसवून, आवाज भरून ठेवणाऱ्या पोरांमुळे. त्यांचा राग हा त्यांच्या राखणीचाच भाग आहे. ज्यानं रात्रभर शेत राखलं त्याला सकाळी कुणी बांध हलवलेला दिसला, तर तो ओरडणारच.

प्रश्न एवढाच, की आपण नक्की काय राखत होतो. मला त्याचं उत्तर खरी कॉर्नरला मिळालं. तिथं बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. शाळेत जाता-येता रोज दिसतो, म्हणून वर्षानुवर्षं दिसत नाही. इथं त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती. कॅमेरा त्यांनी स्वतः घडवला, उद्यमनगराच्या कुठल्याही मिस्त्रीला अभिमान वाटावा असा. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. कर्जापायी जमीन जाते आणि शेतकऱ्याला शहरात येऊन गिरणीत राबावं लागतं, त्याची गोष्ट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. देशातल्या वास्तववादी सिनेमाची सुरुवात म्हणून त्याचं नाव घेतात. आणि १९३६ साली बाबूरावांनी तोच सिनेमा बोलपट म्हणून पुन्हा केला. स्वतःचाच. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल, आधीचा बरा होता. मुके होते तेव्हा जास्त बोलत होते.

मूकपट लागायचे तेव्हा थिएटरात पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारी माणसं असत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. त्या माणसानं जे वाचलं, जसं वाचलं, जिथं आवाज चढवला, तोच त्या प्रेक्षकांचा सिनेमा. स्तंभापाशी रिक्षाची वाट बघत उभी असताना हे मनात आलं आणि मला एकदम नाना दिसले, पाय पोटाशी घेऊन, टीव्हीच्या उजेडात. मी राखत होते ती ‘स्टार ट्रेक’ कॅलिफोर्नियात झालेली नव्हतीच. ती शुक्रवार पेठेत झाली होती. दादाचीही तिथलीच. त्याचं व्हल्कन बुडालं म्हणजे नानांची खोली बुडाली होती, आणि ती खरोखरच गेली होती. वाडा पाडून तिथं अपार्टमेंट उभं राहिलं ते त्याच सुमाराला. मी दादाला हे फोन करून सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “त्या सिनेमात मिस्त्री बरा दाखवलाय पण.”

नाना तेव्हा नव्हते. काकू होत्या, लेकाकडं राजारामपुरीत. मी भेटायला गेले तेव्हा त्यांना ती हॉर्टाची गंमत सांगितली. नाना जमीन म्हणाले होते आणि निघाली अंडी. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पदरानं चष्मा पुसला. म्हणाल्या, ह्यांची जमीन होती की गगनबावड्याकडं. गहाण पडली, ती सुटली न्हाई. चौदाव्या वर्षी आले कोल्हापुरात, वर्कशॉपमदी झाडलोट करायला. परत कधी त्या वाटंला गेले न्हाईत.

मी घरी येऊन तो भाग पुन्हा लावला, डोळे मिटून नुसता ऐकला. ‘एग’ हा शब्द त्यात स्पष्ट येतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ‘मदर’ही येतो, आणि म्हातारी बाई ती नानांनी त्यावरूनच ओळखली असणार. मग अंडी ऐकू आली नसतील का? कळलं नसेल, की कळूनही त्यांनी तिला जमीन दिली? ‘सावकारी पाश’ त्यांनी कधी पाहिला होता का, हेही विचारायचं राहून गेलं.

या दिवाळीत दादाची धाकटी माझ्याकडं राहायला होती. नऊ वर्षांची. इंग्रजी शाळेत जाते, पण जुन्या नटांचे उच्चार तिला पकडता येत नव्हते आणि खालची अक्षरं वाचेपर्यंत ती निघून जात होती. टीव्ही मोठा, चित्र झकास, जहाजाची दृश्यं संगणकावर नव्यानं केलेली. चाळीस वर्षं झाली म्हणून २००६ साली ती बदलली होती, आणि त्यावरूनही चाहत्यांत जुंपली होती. स्पॉक त्या साहेबाच्या खोलीत आला. गोळा उचलून बघायला लागला.

“आत्या, ते काय आहे?”

मी रिमोटवरचं बटण दाबून चित्र थांबवलं. तोंडाशी दोन्ही उत्तरं आली होती.

“सांगू नकोस, सांगू नकोस,” ती म्हणाली. पुढं सरकून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. गोळ्याकडं बघितलं, मग स्पॉककडं. “तिचे खेळायचे आहेत ते. ह्यांनी न विचारता घेतले. म्हणून चिडली आहे ती. लाव पुढं.”

मी लावलं.